ऑगस्टातलं मत

गेल्या अंकात मी दोनच ओळी लिहिल्या होत्या. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात यंदा गव्हर्नरची खुर्ची रिकामी होते आहे, म्हणजे ‘ओपन सीट’ आहे, आणि खरी निवड नोव्हेंबरच्या आधी ऑगस्टातच, पक्षांचे उमेदवार ठरवणाऱ्या ‘प्रायमरी’त होऊन जाईल. त्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यांनाच देते आहे.

मी मूळची मिरजेची. गेली अनेक वर्षं डेट्रॉईटजवळ नोव्हायला राहते. २००८ मध्ये अमेरिकेची नागरिक झाले आणि २०२० पासून मतदान केंद्रावर काम करते. या कामाला इथे इलेक्शन इन्स्पेक्टर म्हणतात. म्हणून कोणाला मत द्या, हे मी लिहिणार नाही. मत कधी आणि कसं द्यायचं, आणि नाही दिलं तर हातातून काय जातं, हे मात्र जीव तोडून सांगणार आहे.

प्रश्न: ताई, आमच्याकडे राज्यपाल दिल्लीहून नेमले जातात. शपथ देतात, अभिभाषण वाचतात. तुमच्याकडे त्यांची निवडणूक होते म्हणता, मग मुख्यमंत्री कोण? आणि ‘ओपन सीट’ म्हणजे आरक्षण नसलेली खुली जागा का? (निवृत्त शिक्षक, मिरज)

सर, तुमच्या पहिल्या प्रश्नातला घोळ शब्दामुळे झाला आहे. मराठी वर्तमानपत्रं अधूनमधून ‘मिशिगनचे राज्यपाल’ असं छापतात आणि वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे मलबार हिल उभी राहते. मी ‘गव्हर्नर’च म्हणते. इथला गव्हर्नर म्हणजे कामाने मुख्यमंत्री, आणि त्याहून थोडा अधिक. लोक त्याला थेट निवडतात. विधिमंडळात त्याच्या पक्षाचं बहुमत नसलं म्हणून त्याची चार वर्षांची खुर्ची जात नाही, अविश्वास ठराव हा प्रकारच नाही. बहुतेक खात्यांचे प्रमुख तो बाहेरून आणतो. बजेटमधली एखादी नको असलेली रक्कम तेवढीच खोडून बाकीचं बजेट मंजूर करण्याचाही अधिकार त्याला आहे.

‘खुली जागा’ या शब्दाचा आपल्याकडचा अर्थ तुमच्या मनात आला, ते बरोबरच आहे. सांगली-मिरजेत नगरसेवकाची जागा ‘खुली’ म्हटली की आरक्षणाचीच सोडत आठवते. इथे अर्थ एवढाच, की सध्या खुर्चीवर असलेली व्यक्ती पुन्हा उभी राहत नाही. १९९२ मध्ये मिशिगनच्या मतदारांनी राज्याच्या घटनेत दुरुस्ती करून घेतली, की कोणाही व्यक्तीला आयुष्यात दोनदाच गव्हर्नर होता येईल. ग्रेचेन व्हिटमर २०१८ आणि २०२२ मध्ये निवडून आल्या, त्यांच्या दोन्ही वेळा संपल्या. म्हणून २०२६.

यात एक लय आहे. २००२, २०१०, २०१८ असं दर आठ वर्षांनी हे घडलं, आणि तिन्ही वेळा राज्याने पक्ष बदलला. रिपब्लिकन जॉन एंगलर यांच्यानंतर डेमोक्रॅट जेनिफर ग्रॅनहोम, त्यांच्यानंतर रिपब्लिकन रिक स्नायडर, त्यांच्यानंतर डेमोक्रॅट व्हिटमर. खुर्चीवर कोणी बसलेलं असलं की त्याच्याच पक्षात त्याला आव्हान द्यायला सहसा कोणी धजत नाही. खुर्ची रिकामी झाली की दोन्ही पक्षांत गर्दी होते. एरवी ठरूनच आलेली गोष्ट त्या वर्षी खरोखर लोकांच्या हातात येते.

गव्हर्नरच्या हातात केवढं काय असतं, ते मला फ्लिंटने शिकवलं. फ्लिंट आमच्या घरापासून तासाभराच्या आत. शहराची तिजोरी रिकामी झाली म्हणून राज्य सरकारने तिथे ‘इमर्जन्सी मॅनेजर’ नेमला होता. आपल्याकडे नगरपालिका बरखास्त करून प्रशासक बसवतात ना, जवळपास तसंच. निवडून दिलेल्या महापौराच्या आणि कौन्सिलच्या हातात काही उरलं नव्हतं. २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये राज्याच्या मतदारांनी हा कायदाच मतदानाने फेटाळला, तर डिसेंबरात विधिमंडळाने नवा कायदा केला आणि गव्हर्नरनी त्यावर सही केली. त्यात निधीची तरतूद घातली होती, त्यामुळे तो पुन्हा मतदारांपुढे नेता येईना. एप्रिल २०१४ मध्ये पैसे वाचवायला शहराचं पाणी डेट्रॉईटच्या व्यवस्थेवरून फ्लिंट नदीवर वळवलं. पाइप गंजू नयेत म्हणून पाण्यात जे घालावं लागतं ते घातलंच नाही, आणि जुन्या पाइपांतलं शिसं घरोघरीच्या नळांतून आलं. लोक तपकिरी पाण्याच्या बाटल्या भरून सभांना आणत होते, तरी पाणी ठीक आहे असंच सांगितलं जात होतं. ऑक्टोबर २०१५ मध्ये पुन्हा डेट्रॉईटचं पाणी सुरू झालं, तोवर दीड वर्ष लेकरं ते पाणी प्यायली होती.

२०१६ च्या जानेवारीत आम्ही पाच-सहा घरांनी मिळून पाण्याच्या बाटल्यांचे खोके गाडीत भरून तिकडे नेले. एका बाईने खोका उचलताना मला विचारलं, तुमच्याकडचं पाणी कुठून येतं? मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं राहून ठाऊक नव्हतं. त्या दिवसापासून ‘राज्याच्या राजकारणाशी आपला काय संबंध’ हे वाक्य माझ्या घरात कोणी बोललेलं मी ऐकून घेतलेलं नाही.

प्रश्न: प्रायमरी म्हणजे नेमकं काय? पक्षाने उमेदवार दिला की झालं, लोकांनी त्यात कशाला पडायचं? (इंजिनिअर, कॅन्टन)

तू महाराष्ट्रात निवडणूक पाहिली असशील तर एबी फॉर्म ठाऊक असेल. अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी तीन वाजायच्या आत ज्याच्या हातात तो कागद पडला, तो पक्षाचा अधिकृत उमेदवार. रात्रभर मुंबई-दिल्लीला फोन, कोणाचं तिकीट कापलं, कोण नाराज, कोण बंडखोर. मतदार हे सगळं टीव्हीवर बघतो. त्याला कोणी विचारत नाही.

प्रायमरी म्हणजे तो एबी फॉर्म मतदारांच्या हातात. डेमोक्रॅट पक्षातर्फे कोण आणि रिपब्लिकन पक्षातर्फे कोण, हे सरकारी मतदान केंद्रावर, सरकारी मतपत्रिकेवर, तू आणि मी ठरवायचं. पक्षाच्या मोठ्या लोकांना एखादा आवडत नसला तरी तो जिंकला तर तोच उमेदवार. आणि बंडखोरी नाही. प्रायमरीत हरलेल्याचं नाव नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर अपक्ष म्हणून छापलं जात नाही. अपक्ष लढायचं तर आधीपासूनच वेगळी वाट धरावी लागते. डेट्रॉईटचे तेव्हाचे महापौर माईक डगन यांनी डिसेंबर २०२४ मध्ये तसंच जाहीर केलं. आयुष्यभर डेमोक्रॅट असलेला माणूस प्रायमरी टाळून अपक्ष जातो म्हणाला, त्यामुळे यंदाची चर्चा सुरुवातीपासूनच निराळी झाली. डेमोक्रॅटांकडून जॉसलिन बेन्सन आणि रिपब्लिकनांकडून जॉन जेम्स यांनी २०२५ मध्येच मैदानात उतरत असल्याचं सांगितलं. बाकीची नावं इथे देत नाही. तुझ्या पत्त्याची नमुना मतपत्रिका निवडणुकीआधी राज्याच्या मतदार संकेतस्थळावर मिळते, ती बघ.

मतपत्रिकेवर नाव यायलाही मेहनत आहे. प्रायमरीत उतरणाऱ्या गव्हर्नरच्या उमेदवाराला किमान १५,००० मतदारांच्या सह्या गोळा कराव्या लागतात. २०२२ मध्ये काय झालं ते ऐकण्यासारखं आहे. रिपब्लिकन पक्षाचे दहा जण रांगेत होते आणि पैसे घेऊन सह्या गोळा करणाऱ्या काही लोकांनी खोट्या सह्या भरल्या. राज्याच्या निवडणूक विभागाला अशी ३६ माणसं सापडली, आणि वेगवेगळ्या उमेदवारांच्या कागदांत मिळून किमान ६८,००० सह्या बाद ठरल्या. पाच उमेदवार मतपत्रिकेवर येऊच शकले नाहीत. त्यात डेट्रॉईटचे माजी पोलीसप्रमुख जेम्स क्रेग होते, ज्यांना सगळे आघाडीवर धरून चालले होते. तेव्हा मॉलबाहेर कोणी क्लिपबोर्ड घेऊन सही मागितली तर वर काय लिहिलं आहे ते वाचून, पटलं तरच सही कर. ती सही खरी असण्यावर कुणाचं तरी राजकीय भवितव्य अवलंबून असतं.

प्रश्न: मी कोणत्याच पक्षाची सदस्य नाही आणि व्हायचंही नाही. मग प्रायमरीत मला मत आहे का? (फार्मिंग्टन हिल्स)

आहे. मिशिगनमध्ये मतदार म्हणून नाव नोंदवताना पक्ष विचारतच नाहीत. न्यू जर्सीतल्या कोणी तुम्हाला वेगळं सांगितलं असेल, तर त्या राज्यापुरतं तेही खरं. तिथे नोंदणीत पक्ष लिहिलेला असतो. आपल्याकडे ऑगस्टात सगळ्यांना एकच मतपत्रिका मिळते. तिच्यावर पक्षांचे रकाने शेजारी शेजारी असतात. त्यातला एक रकाना निवडायचा आणि पक्षीय पदांची सगळी मतं त्याच रकान्यात द्यायची. कोणता निवडला ते तुमच्याशिवाय कोणाला कळत नाही.

ही अट मी चूक करून शिकले. ७ ऑगस्ट २०१८. त्या वर्षी डेमोक्रॅट, रिपब्लिकन आणि लिबर्टेरियन असे तीन रकाने होते. मी गव्हर्नरसाठी एका रकान्यातला गोल भरला आणि काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाच्या, जागेसाठी दुसऱ्या रकान्यातला, कारण तो गृहस्थ आमच्या भागातला, कामाचा, ओळखीचा. मतपत्रिका मोजणीच्या मशीनमध्ये सरकवली तर मशीनने ती परत बाहेर काढली. मागे रांग. माझे कान तापले. मला वाटलं, दहा वर्षं नागरिक होऊन साधं मत देता येत नाही मला. तिथल्या म्हाताऱ्या बाईंनी, मतपत्रिकेकडे न बघता, तिच्यावर पुठ्ठ्याचं आवरण ठेवून मला बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सांगितलं, तुमचं काही बिघडलेलं नाही, ही रद्द करू आणि नवी देऊ. मी शांतपणे पुन्हा भरली. त्यांचं ते न बघणं माझ्या मनातून गेलं नाही. पुढे २०२० मध्ये केंद्रांवर माणसं कमी पडत होती, तेव्हा मी अर्ज केला तो त्यांच्यामुळे. आता दर ऑगस्टात अशा मतपत्रिका परत येतात, आणि मी पुठ्ठ्याचं आवरण हातात धरून तेच शब्द सांगते.

घरून मत देणाऱ्यांनी मात्र जास्त जपायला हवं. पाकिटातून गेलेली अशी मतपत्रिका तुमच्यासमोर परत येत नाही, दोन रकान्यांत भरलेली पक्षीय मतं सगळीच वाया जातात. आणि एक, मतपत्रिका उलटून बघा. मागच्या बाजूला बहुतेक वेळा लायब्ररी, बाग, शाळा यांच्यासाठीचे स्थानिक कराचे ठराव असतात. त्यांना पक्ष नसतो. तिथे सगळ्यांनी मत द्यायचं.

प्रश्न: आमच्या बेळगावचे श्री ठाणेदार तुमच्याकडे गव्हर्नरला उभे होते ना? तिथल्या मराठी माणसांनी त्यांना मतं दिली का? तुम्ही दिलंत का? खरं सांगा. (वय ७९, टिळकवाडी, बेळगाव)

आजोबा, नमस्कार. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

हो, २०१८ च्या डेमोक्रॅट प्रायमरीत ते होते. जागा खुली होती. स्नायडर यांची दुसरी वेळ संपत होती आणि फ्लिंटचा राग सगळ्या राज्यात होता. समोर दोघं होते. ग्रेचेन व्हिटमर या राजधानी लॅन्सिंगच्या विधिमंडळात मुरलेल्या, राज्याच्या सिनेटमध्ये डेमोक्रॅटांच्या नेत्या राहिलेल्या. अब्दुल एल-सय्यद हे तरुण डॉक्टर, डेट्रॉईटच्या आरोग्य खात्याचे माजी प्रमुख. आणि तिसरे आपले ठाणेदार. चिकोडीत जन्म, बेळगावात लहानपण, १९७९ मध्ये इथे येऊन रसायनशास्त्रात डॉक्टरेट, मग उद्योग. एक कंपनी बुडाली, दुसरी ॲन आर्बरला उभी केली आणि विकली. त्यांचं मराठीतलं आत्मचरित्र इथे आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत होतं. निवडणुकीत त्यांनी स्वतःचे एक कोटीहून अधिक डॉलर घातले.

संध्याकाळी टीव्हीवर त्यांची जाहिरात लागायची. अमेरिकन निवेदकांच्या तोंडून ‘ठाणेदार’ हे आडनाव ऐकलं की माझी मुलगी आतून धावत यायची. इथे जन्मलेल्या, शाळेत स्वतःचं नाव रोज दोनदा सांगावं लागणाऱ्या मुलीला ते ऐकून काय वाटत असेल, ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसायचं. तो अभिमान खरा होता आणि मी तो कधीही कमी लेखणार नाही.

आमच्यात त्यावर भांडणं झाली. एका रविवारी पोह्यांच्या नाश्त्याला जमलो होतो. एक मित्र म्हणाला, आपला माणूस उभा असताना विचार कसला करायचा? दुसरी म्हणाली, माझा मुलगा रोज जातो त्या रस्त्यातले खड्डे कोण बुजवणार ते मला आधी सांग. मग आम्ही खरोखर तिघांचं म्हणणं काढून वाचायला बसलो. एल-सय्यद आणि ठाणेदार दोघंही सगळ्यांना सरकारी आरोग्यविमा हवा म्हणत होते. व्हिटमर यांनी २०१३ मध्ये विधिमंडळात गरिबांचा सरकारी विमा वाढवायला हातभार लावला होता आणि तो टिकवण्यावर त्यांचा भर होता, शिवाय रस्ते. तीन तास झाले. पोहे गार झाले होते. त्या दिवशी आम्ही मिशिगनचे झालो असं मला आजही वाटतं, कारण पहिल्यांदाच आम्ही इथल्या राज्याबद्दल आपसात मराठीत भांडलो.

निकाल असा लागला: व्हिटमर सुमारे ५२ टक्के, एल-सय्यद ३०, ठाणेदार १८ च्या आसपास. म्हणजे जवळपास दोन लाख मतं. इथली सगळी मराठी घरं मोजली तरी इतकी मतं होत नाहीत आजोबा. त्यांना मतं दिली ती बहुतेक अशा लोकांनी, ज्यांनी बेळगावचं नावही ऐकलेलं नसेल.

त्यांचं पुढचं तुम्हाला ठाऊक असेलच. २०२० मध्ये ते डेट्रॉईटमधून राज्याच्या विधिमंडळात गेले आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसमध्ये. २०२२ ची गोष्ट मी सगळ्यांना मुद्दाम सांगते. त्यांच्या मतदारसंघात डेमोक्रॅट पक्षाचा इतका जोर आहे की नोव्हेंबरमध्ये काय होणार ते आधीच माहीत होतं. ऑगस्टच्या प्रायमरीत नऊ जण होते. मतं विभागली गेली, आणि साधारण २८ टक्के मतांवर ठाणेदार जिंकले. इथे दुसरी फेरी नसते. सर्वांत जास्त मतं ज्याला, तो उमेदवार. ज्यांनी ऑगस्टात मत दिलं नाही, त्यांच्यासाठी निवडणूक नोव्हेंबर उजाडण्याआधीच संपली होती.

मी २०१८ मध्ये कोणाला मत दिलं, ते मात्र सांगत नाही. घरातही सांगितलेलं नाही. दुसऱ्याच्या मतपत्रिकेकडे न बघण्याची शपथ मी घेतली आहे, तशी स्वतःचीही झाकून ठेवते. तुम्ही रागावणार नाही अशी आशा आहे.

प्रश्न: मुलांच्या सुट्टीत भारतात जायची तिकिटं काढली आहेत, १८ जून ते २२ ऑगस्ट. प्रायमरी ४ ऑगस्टला. आता काय? नोव्हेंबरात मत देईनच. (ट्रॉय)

ताई, तुमच्यासारखी माझ्या ओळखीतली निम्मी घरं आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहिते. आपली माणसं नोव्हेंबरमध्ये मत देतात, फोटो टाकतात. पण जूनच्या मध्याला शाळा सुटल्या की पुण्या-मुंबईला जातात, आणि ऑगस्टचं मत राहून जातं. २०१८ मध्ये ऑगस्टच्या प्रायमरीत दोन्ही पक्षांचे मिळून साधारण बावीस लाख लोक आले, आणि ती राज्यातली तोवरची विक्रमी संख्या होती. नोव्हेंबरात बेचाळीस लाखांवर. म्हणजे अर्ध्या लोकांनी दोन उमेदवार निवडले आणि बाकीच्या अर्ध्यांनी त्या दोघांतून एक. तुम्ही दुसऱ्या अर्ध्यात राहू नका.

शहराच्या निवडणुकीचं काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला इथे क्लार्क म्हणतात. त्याच्या ऑफिसात जाऊन ॲबसेंटी मतपत्रिका, म्हणजे त्या दिवशी केंद्रावर न जाता द्यायची मतपत्रिका, निवडणुकीआधी ४० दिवसांपासून भरता येते. ४ ऑगस्टसाठी ती तारीख २५ जून पडते. तुमचं विमान आठवडाभर आधीच जातं, त्यामुळे ती वाट बंद. पण परदेशात असलेल्या नागरिकांसाठी वेगळी सोय आहे. फेडरल पोस्टकार्ड नावाचा एक अर्ज असतो, तो आत्ताच भरून तुमच्या शहराच्या क्लार्ककडे द्या आणि मतपत्रिका ईमेलने हवी असं लिहा. अशा मतदारांना ती ४५ दिवस आधी पाठवावी लागते, म्हणजे २० जूनच्या सुमारास तुमच्या ईमेलमध्ये येईल.

२०२२ च्या ऑगस्टात आई आजारी होती म्हणून मी मिरजेत होते, तेव्हा मी असंच मत दिलं. स्टेशनजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात मतपत्रिका छापून घेतली. दुकानातल्या मुलाने विचारलं, हे कसलं फॉर्म? मी म्हटलं, निवडणुकीचं. तो म्हणाला, कुठल्या वॉर्डाची? आईच्या पलंगाशेजारच्या स्टुलावर बसून गोल भरले, सूचनेप्रमाणे पाकीट चिकटवलं, सही केली. सही विसरू नका, ती नोंदणीतल्या सहीशी जुळवून बघतात. भरलेली मतपत्रिका ईमेलने परत पाठवता येत नाही, कागदच जावा लागतो. साध्या पोस्टावर न सोडता मी कुरियर केलं आणि ते वेळेत पोचलं. खर्च झाला, पण आईने तेवढ्या दुखण्यातही विचारलं, ‘गेलं का गं तुझं मत?’ पोचल्याचं दिसलं तेव्हा मी तिला सांगितलं.

तिकडे पोचल्यावर पहिल्या आठवड्यातच हे उरकून टाका. नंतर लग्नं, नातेवाईक, कुलदैवत, सगळं सुरू होतं.

प्रश्न: माझ्याकडे ग्रीन कार्ड आहे. कर भरतो. मत देता येईल का? निदान पैसे किंवा वेळ? (ऑबर्न हिल्स)

मत नाही. नोंदणीसुद्धा करायची नाही. वाहन परवान्याच्या वेळी किंवा कुठल्याही फॉर्मवर ‘मी नागरिक आहे’ या ओळीपुढे चुकूनही खूण करू नका. नागरिक असल्याची खोटी नोंद झाली तर हद्दपारीपर्यंत जाऊ शकतं आणि ‘मला कळलं नाही’ हे ऐकून घेतलं जाईलच असं नाही. देणगी मात्र ग्रीन कार्डवाल्यांना कायद्याने देता येते. एच-१बी व्हिसावर असलेल्यांना देता येत नाही. मोबदला न घेता दारोदार फिरून किंवा फोन करून प्रचार दोघांनाही करता येतो.

आणि तुम्ही अजून भारताचे नागरिक आहात हे विसरू नका. परदेशस्थ मतदार म्हणून तिथल्या यादीत नाव घालता येतं. प्रत्यक्ष जाऊनच मत द्यावं लागतं एवढीच अडचण. इथलं नागरिकत्व घेतलं की तो हक्क जातो, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या ओसीआय कार्डावर मत नसतं.

प्रश्न: जन्म सोलापूरचा, आता अमेरिकन नागरिक. मला गव्हर्नर होता येईल का, की राष्ट्राध्यक्षासारखी इथल्या जन्माची अट आहे? (ॲन आर्बर)

येईल. वय ३० पूर्ण आणि राज्यात चार वर्षं मतदार म्हणून नोंद, एवढंच मिशिगनची घटना मागते. ग्रॅनहोमबाईंचा जन्म कॅनडातला, व्हँकुव्हरचा. मिशिगनच्या त्या पहिल्या स्त्री गव्हर्नर.

पण सुरुवात लहान जागेपासून करायची असेल तर प्रिसिंक्ट डेलिगेट बघा. आपल्या दोन-चार गल्ल्यांचा पक्षातला प्रतिनिधी, ऑगस्टच्या मतपत्रिकेवरच निवडला जातो आणि कितीतरी ठिकाणी कोणी उभंच राहत नाही. राज्याचा ॲटर्नी जनरल (मुख्य सरकारी वकील) आणि सेक्रेटरी ऑफ स्टेट (राज्याच्या निवडणुकांचं काम बघणारा) यांचे उमेदवार प्रायमरीत ठरत नाहीत, पक्षाच्या अधिवेशनात ठरतात. रिपब्लिकन पक्षात त्या अधिवेशनाची वाट या डेलिगेटांतूनच जाते.

प्रश्न: आजी, मी ऑक्टोबरमध्ये १८ वर्षांचा होणार. ऑगस्टात मत देता येईल का? आई म्हणते तुम्हाला विचार. (नोव्हाय हायस्कूल)

नाही रे बाळा. मतदानाच्या दिवशी १८ पूर्ण हवेत, मिशिगनमध्ये प्रायमरीलाही तीच अट. नाव मात्र १६ पासून आधीच नोंदवून ठेवता येतं, ते या आठवड्यातच कर म्हणजे नोव्हेंबरला तयार असशील.

आणि ऑगस्टात रिकामा असशील तर माझ्याबरोबर ये. १६ वर्षं पूर्ण असलेल्यांना इलेक्शन इन्स्पेक्टर होता येतं. क्लार्ककडे अर्ज दे. प्रशिक्षण देतात आणि दिवसाचे पैसेही मिळतात. केंद्र सातला उघडतं, पण आपल्याला सहाला पोचायचं असतं. मशीनमध्ये अजून एकही मत नाही हे दाखवणारी शून्याची पट्टी काढून तिच्यावर सह्या करायच्या असतात. रात्री आठला दार बंद, पण त्या वेळी जो रांगेत उभा असेल त्या शेवटच्या माणसाचं मत होईपर्यंत आपण तिथेच. दुपारी बाहेर जाता येत नाही, तेव्हा आईला डब्यात पोळीभाजी जरा जास्त द्यायला सांग. आणि पुठ्ठ्याचं ते आवरण कसं धरायचं, ते मी तुला दाखवीन.